पत्ता पाकिटावरचा बघतात, आतल्या पत्रातला नाही

"नवीन डोमेन घेतलंय, आता त्याच्या ईमेलसाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. नाही, लागत नाही. एका बेताच्या लिनक्स मशीनवर, एकाच आयपी पत्त्यावर (म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावर), दोन काय नि दोनशे काय, कितीही डोमेनची मेल सुखाने नांदू शकते. ही काही मागाहून शोधलेली पळवाट नाही, ईमेलची मूळ रचनाच तशी आहे.

मोगरा.उदाहरण आणि चाफा.उदाहरण अशी दोन डोमेन धरू. कुणी यांपैकी एकाला मेल पाठवली की पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नावांच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीला, विचारतो, "या डोमेनची मेल कोण घेतं?" उत्तर एमएक्स रेकॉर्डमध्ये असतं. ही सोय 1986 पासूनची. एमएक्समध्ये आयपी लिहीत नाहीत, मेल घेणाऱ्या मशीनचं नाव लिहितात. दोन्ही डोमेनच्या एमएक्समध्ये एकच नाव लिहिलं की दोघांची मेल एकाच दारात येते.

आता खरी गंमत. दारात आल्यावर ही मेल कुणाची हे सर्व्हरला कसं कळतं? 25 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेलसाठी राखलेल्या दारावर, दोन सर्व्हरचं चक्क संभाषण होतं. आधी पाहुणा आपलं नाव सांगतो, मग म्हणतो:

मेल फ्रॉम: <निशा@केवडा.उदाहरण>
250 ओके
आरसीपीटी टू: <इन्फो@मोगरा.उदाहरण>
250 ओके
डेटा

"डेटा" म्हटल्यावर पुढे पत्र येतं. विषय, मजकूर आणि आपल्याला स्क्रीनवर दिसते ती "टू"ची ओळ, हे सगळं त्या पत्रात. म्हणजे मेल कुठे जाणार याचा निकाल पत्र उघडण्याआधीच लागलेला असतो. "आरसीपीटी टू" हा पाकिटावरचा पत्ता आणि पत्रातली "टू" ही नुसती मायन्याची ओळ. बीसीसी चालतं ते याच जोरावर: पाकिटावर नाव असतं, पत्रात नसतं. ज्या मेलवर आपला पत्ता कुठेच दिसत नाही अशी स्पॅम आपल्याकडे येते तीही अशीच. पाकीट शेवटी फेकून दिलं जातं, त्याचा माग म्हणून "रिटर्न-पाथ"सारख्या एकदोन ओळी पत्राच्या वर चिकटवलेल्या राहतात.

1982 साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा, म्हणजे या संभाषणाच्या नियमांचा, मसुदा लिहिला, तेव्हापासून पाकिटावर डोमेनसकट पूर्ण पत्ता आहे. वेबचं तसं नव्हतं. सुरुवातीचा ब्राउझर नुसतं "अमुक पान दे" म्हणायचा, कुठल्या साइटचं ते सांगतच नसे. एका आयपीवर अनेक साइट ठेवता याव्यात म्हणून "होस्ट" ही ओळ 1997 च्या एचटीटीपी 1.1 मध्ये सक्तीची करावी लागली. मेलला ही अडचण कधी आलीच नाही. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

अडचण आली ती युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या, बाजूने. युनिक्सवर पूर्वापार मेल मिळायची ती मशीनच्या खातेदारांना, आणि तिथे एका नावाचं एकच खातं. इन्फो@मोगरा आणि इन्फो@चाफा वेगळे, हे त्या यादीला कळत नाही. मी पहिल्यांदा दोन डोमेन एका सर्व्हरवर घेतली तेव्हा पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या "मायडेस्टिनेशन" या सेटिंगमध्ये दोन्ही नावं लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी लक्षात आलं, दोन संस्थांची चौकशीची पत्रं एकाच पेटीत पडत होती. सर्व्हर सांगितलं तेच करत होता: मायडेस्टिनेशनमधलं डोमेन म्हणजे "हे माझंच नाव", मग @ च्या उजवीकडे काय आहे ते तो बघतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे आभासी डोमेन. त्याचे दोन प्रकार. पहिल्यात पूर्ण पत्त्यासमोर खऱ्या खात्याचं नाव लिहायचं. आडनावासकट हजेरी घ्यावी तसं. दुसऱ्यात खातीच नसतात. सगळ्या पेट्या एकाच युनिक्स वापरकर्त्याच्या मालकीच्या, आणि तक्त्यात पत्त्यासमोर फक्त फोल्डरचा मार्ग: मोगरा.उदाहरण/इन्फो/. शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची. ती असेल तर पोस्टफिक्स मेलडिर पद्धतीने प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करतो, नसेल तर सगळी पत्रं एकाच फाइलला जोडत जातो. मेलडिरमध्ये पत्र आधी "टेम्प"मध्ये पूर्ण लिहून मग "न्यू"मध्ये सरकवतात. त्यामुळे अर्धवट पत्र कुणाच्या हाती लागत नाही आणि फाइलला कुलूप घालावं लागत नाही. एकच पथ्य: आभासी यादीतलं डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये पुन्हा लिहायचं नाही.

"प्रत्येक डोमेनला स्वतंत्र आयपी घ्या, म्हणजे मेल स्पॅममध्ये जाणार नाही" असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. ही बरीचशी श्रद्धा आहे, तिला तांत्रिक आधार थोडाच. घेणाऱ्या सर्व्हरने आयपीवरून उलटं नाव शोधलं तर मशीनचं स्वतःचं नाव मिळायला हवं आणि त्या नावाचा आयपीही तोच निघायला हवा. पत्र पाठवणाऱ्याच्या डोमेनशी ते नाव जुळण्याची गरज नसते. डोमेनची साक्ष वेगळ्या ठिकाणी असते. एसपीएफ नोंद सांगते की या डोमेनची मेल कुठल्या आयपीवरून यावी, आणि डीकेआयएम म्हणजे त्या डोमेनची सही. या दोन्ही मात्र दर डोमेनला वेगळ्या कराव्या लागतात, तिथे आळस नको. आयपीची पत सगळ्यांची सामाईक असते हे खरं. एका डोमेनने कचरा पाठवला तर बाकीच्यांनाही त्याची झळ बसते.

नवं डोमेन जोडलं की मी बाहेरच्या मशीनवरून 25 नंबरच्या पोर्टवर स्वतः टाइप करून बघतो. आधी त्या डोमेनचा पोस्टमास्टर: 250 यायला हवं, हा पत्ता ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. मग अस्तित्वात नसलेलं एखादं नाव: तिथल्या तिथे 550, म्हणजे नकार, यायला हवा. आधी घेऊन मग परत पाठवलं तर ते परतीचं पत्र जातं ज्याचं नाव स्पॅमवाल्याने चोरलंय त्या निरपराध माणसाला. शेवटी तिसऱ्याच कुणाच्या डोमेनचा पत्ता: "रिले ॲक्सेस डिनाइड", म्हणजे परक्याची मेल पुढे पोचवायला नकार, दिसलं पाहिजे. तिथे 250 आलं तर पोस्टफिक्स त्याच क्षणी बंद करायचा आणि मग चूक शोधायला बसायचं.