सामायिक माहिती प्रणाली (सहकारी संस्थांची)

सामायिक माहिती प्रणाली : ज्यांचा कारभार वेगळा, पण काम एकमेकींत गुंतलेले, अशा संस्थांनी मिळून वापरायची नोंदींची व्यवस्था. एका संस्थेने आपले नियम, नमुने किंवा संगणकीय प्रणाली बदलली तरी बाकीच्यांचे काम अडत नसेल, तर या सामायिक व्यवस्थेला लवचीक म्हणतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत पीककर्ज हे तिचे रोजचे उदाहरण आहे. शेतकरी सभासद असतो गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थेचा. सोसायटीचे दप्तर सांभाळणारा गटसचिव कर्जमागणीचे कमाल मर्यादा पत्रक करतो, मंजुरी जिल्हा मध्यवर्ती बँक देते आणि तिच्यामागे राज्य सहकारी बँक व नाबार्ड (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) असतात. जमिनीचा सातबारा महसूल खात्याकडे, फळपीक विमा विमा कंपनीकडे. रावेर-यावलकडची एकच केळीची बाग अशी चार-पाच दप्तरांत उतरते. प्रत्येक दप्तर आपल्या जागी बरोबर असते, तरीही ती एकमेकांशी जुळत नाहीत. लवचीकतेचा सगळा प्रश्न या न जुळण्यात आहे.

क्षेत्राचा रकाना पाहा. त्यात ‘१.२०’ लिहिले आहे. सातबाऱ्यावर याचा अर्थ १ हेक्टर २० आर (आर हा हेक्टरचा शंभरावा भाग), म्हणजे तीन एकराला किंचित कमी. बांधावर बोलताना शेतकरी हाच आकडा १ एकर २० गुंठे म्हणून सांगतो, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे ४०. आणि संगणकाने तो दशांश एकर समजला, तर १ एकर ८ गुंठे. पीककर्जाची मर्यादा हेक्टरी ठरते, त्यामुळे या एका टिंबापायी कर्ज निम्मे किंवा दुप्पट होऊ शकते. उपाय साधा आहे: आकडा आणि एकक कधीही वेगळे प्रवास करणार नाहीत, एवढे सर्व संस्थांनी ठरवायचे. कोणी आपल्या पडद्यावर एकर दाखवावे, कोणी हेक्टर. देवाणघेवाणीत मात्र एकच माप.

गावाचे नाव त्याहून फसवे. भुसावळ तालुक्यात कुऱ्हे (पानाचे) आहे आणि मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्हा (काकोडा). जुन्या कागदांत मुक्ताईनगरचे नाव एदलाबाद आहे, तेही चूक नाही. शिवाय ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळी गावे वाटतात. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संगणकीय संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या जुन्या याद्यांची गत तर आणखी वाईट. म्हणून नाव हे माणसांसाठी ठेवावे आणि जुळणी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाच्या सांकेतांकावर करावी. बँकांच्या शाखांसाठी हीच रीत आहे: आयएफएससी सांकेतांकाच्या ११ चिन्हांपैकी पहिली ४ अक्षरे बँक सांगतात, पाचवे शून्य असते आणि शेवटची ६ चिन्हे शाखा दाखवतात.

सीमांबद्दल एक गृहीतक खानदेशात सरळ मोडते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण जिल्हा मध्यवर्ती बँक दोन्ही जिल्ह्यांची एकच राहिली. ‘एक जिल्हा, एक जिल्हा बँक’ अशी उतरंड आखणाऱ्याची प्रणाली इथे पहिल्याच पानावर अडते. महसुली रचना आणि सहकारी रचना या दोन स्वतंत्र बाबी मानून त्यांचा संबंध तारखेसह नोंदवणे, हाच टिकाऊ मार्ग.

या विचारामागचा पाया जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित माहितीसाठ्याची (रिलेशनल डेटाबेसची) कल्पना मांडली. तिच्यामुळे माहिती कशी साठवली आहे याच्याशी ती वापरणाऱ्याचा संबंध उरला नाही. त्याच क्षेत्रातील डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सांगितले की बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय प्रणालीच्या एकेका घटकाच्या आत झाकून ठेवावा. संस्थांच्या पातळीवर हे किती दूर जाऊ शकते, ते स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशवहनाच्या संस्थेने दाखवले. १५ देशांतील २३९ बँकांनी १९७३ मध्ये ब्रसेल्सला ती उभारली आणि १९७७ पासून तिच्यावरून संदेश जाऊ लागले. तिने बँकांच्या खतावण्या एक केल्या नाहीत, फक्त संदेशाचा नमुना आणि बँकांचे सांकेतांक ठरवले. एस्टोनियातील एक्स-रोड (२००१) ही माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था याच धर्तीवर आहे: माहिती ज्या खात्याची, त्याच्याकडेच राहते आणि गरजेपुरती खात्रीशीर मार्गाने दुसऱ्याकडे जाते. सगळे एकाच गोदामात ओतण्यापेक्षा ही पद्धत आपल्या सहकाराच्या स्वभावाला अधिक जवळची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. सोसायटी स्वायत्त असते आणि तिची किर्द तिचीच असते.

काय ठरवायचे आणि काय मोकळे सोडायचे, हे केळी चांगले शिकवते. हंगामाच्या रकान्यात ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ एवढेच दोन पर्याय दिले, तर जून-जुलैत लावलेली केळीची मृगबाग कुठे लिहायची? सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळीचीच कांदेबाग कुठे? आणि त्याच खोडांच्या पिलांवर राखलेली पिलबाग? पीक वर्षभर उभे असते, ३१ मार्चची आर्थिक वर्षाची सीमा ओलांडते, दोन्ही हंगामांत पाय ठेवून असते. ‘इतर’ हा पर्याय देऊन वेळ मारून नेता येते, पण त्यातून पुढे काहीच काढता येत नाही. त्याऐवजी लागवडीची तारीख आणि बागेचा प्रकार एवढेच सामायिक ठेवले, तर बँक त्यावरून परतफेडीची मुदत काढेल, विमा कंपनी आपला जोखमीचा कालावधी. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. देवाणघेवाण मूळ वस्तुस्थितीची व्हावी.

चूक दुरुस्त कोणी करायची, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत बँकांनी खात्यांची माहिती भरली, प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला, याद्या गावात लागल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम मान्य किंवा अमान्य करायची, अशी सोय होती. अमान्य झाल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती दाखवून ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारणे हा इथे आखणीचाच भाग होता.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, प्रश्नाचे रूप बदलते. डोंगरपाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून नोंद आधी जागेवरच व्हावी आणि रेंज मिळाल्यावर पुढे जावी, आणि दोन नोंदी भिडल्यास कोणतीही गुपचूप पुसली जाऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्टेधारकाकडे, म्हणजे वनजमीन कसण्याचा हक्क मिळालेल्या शेतकऱ्याकडे, नेहमीचा खातेदाराचा सातबारा नसतो, हक्काचे प्रमाणपत्र असते. तो हक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. गट क्रमांक भरल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नसेल, तर हा शेतकरी प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. त्यामुळे जमीन कसण्याचा आधार हा स्वतंत्र रकाना असावा आणि सातबारा त्याच्या अनेक पर्यायांपैकी एक.

जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. प्रणाली सर्वांसाठी समान, पण राज्यांच्या गरजेनुसार बदलता येईल अशी ठेवण्याचे त्यात ठरले. पुढच्याच वर्षीच्या आदर्श उपविधींनी (नमुना नियमावलीने) या संस्थांना २५ हून अधिक व्यवसायांची वाट खुली केली: दूध, गोदाम, खतविक्री, सेवा केंद्र. कालपर्यंत कर्जखतावणी सांभाळणाऱ्या गटसचिवापुढे आता युरियाच्या गोण्यांचा साठाही असतो, आणि गोणी उधारीवर नेणारा सभासद तोच असतो, ज्याचे पीककर्ज शेजारच्या पानावर आहे.