अभ्यागत व्हिसा : मुक्कामाची मुदत व फेऱ्या

परदेशात स्थायिक न होता भेट, पर्यटन किंवा उपचारांपुरते राहण्याची मुभा देणारा व्हिसा. ठाणे व नवी मुंबईतून तो प्रामुख्याने मुलामुलींकडे जाणारे पालक घेतात. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण हे नेहमीचे निमित्त. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो.

अमेरिकेचा बी-२ हा अभ्यागत व्हिसा भारतीयांना सहसा १० वर्षांसाठी मिळतो. ही मुदत दार ठोठावण्याची. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत येते. विमानाने येणाऱ्यांसाठी कागदी आय-९४ २०१३ मध्ये बंद झाला. आता नोंद संगणकावर असल्याने पोहोचल्याबरोबर ती उघडून पाहावी, पासपोर्टवर शिक्का मारला असल्यास त्याच्याशी ताडावी. नियमानुसार बी-२ प्रवाशाला सामान्यतः किमान ६ महिने मिळतात, एका प्रवेशात कमाल १ वर्ष. ही किमान मर्यादा काढण्याचा प्रस्ताव २००२ मध्ये आला होता, तो अमलात आला नाही. मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. १८० दिवसांहून अधिक पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून परतल्यास ३ वर्षे, वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास १० वर्षे प्रवेशबंदी होते.

‘वर्षात सहाच महिने राहता येते’ हा नियम नौपाड्यापासून नेरूळपर्यंत सर्वत्र सांगितला जातो. कायद्यात तो नाही. त्याचे मूळ ६ महिन्यांच्या प्रवेशमुदतीत असावे, किंवा कर कोणत्या देशात भरायचा ते ठरवणाऱ्या करनिवासाच्या १८३ दिवसांच्या कसोटीत. पहिली शक्यता अधिक पटते. फेऱ्यांना ठरावीक संख्या नसली, तरी लागोपाठ लांब मुक्काम दिसल्यास ‘हे इथे राहायलाच आले आहेत’ असा संशय अधिकारी घेऊ शकतो. ब्रिटनमध्येही एका भेटीला सहसा ६ महिने मिळतात. वारंवारच्या भेटींतून तेथेच वास्तव्य करणे मात्र नियमाने वर्ज्य आहे.

शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, नियम मोजूनमापून आहे : कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. पूर्वी ‘पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने’ असा शब्दप्रयोग होता. बोट (Bot) आडनावाच्या प्रवाशाच्या खटल्यात (२००६) युरोपीय न्यायालयाने ‘पहिला प्रवेश’ या शब्दांचा जो अर्थ लावला, त्याने दोन जवळजवळ सलग तीन-तीन महिने राहण्याची वाट मोकळी राहिली. १८ ऑक्टोबर २०१३ पासून ‘कोणतेही १८० दिवस’ ही सरकती खिडकी आली, म्हणजे मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे. प्रवेशाचा आणि परतीचा, दोन्ही दिवस मोजले जातात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून पाहावे : १ मार्चला प्रवेश करून सलग राहिल्यास ९० दिवस २९ मे रोजी भरतात, पुढचा प्रवेश २८ ऑगस्टला, कारण त्या दिवशी १ मार्च खिडकीबाहेर पडतो. व्हिसा ५ वर्षांचा असला तरी हिशेब हाच.

कॅनडात सहसा ६ महिने मिळतात. पालक व आजी-आजोबांच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका प्रवेशात ५ वर्षांपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ८५०३ ही अट असल्यास, ती शिथिल करून घेतल्याशिवाय तेथे असताना मुदतवाढीसाठी नवा व्हिसा सहसा मागता येत नाही.