रिलीज अडकवायचं कुठे: डी-लूपमध्ये की थेट दोरीवर?

कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य हातात आलं, रिलीजही (दोरी धरून ओढायचं आणि ट्रिगरने सोडायचं साधन) घेतलं, की पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो: याचा चिमटा दोरीवरच लावायचा, की दोरीला बांधलेल्या त्या इवल्याशा फासात, म्हणजे डी-लूपमध्ये? ट्रिगरवरच्या बोटाला दोन्हीकडे सारखंच वाटतं, म्हणून नवखे म्हणतात, 'कुठेही लावा.' फरक पडतो तो नॉकपाशी, म्हणजे तीराच्या मागच्या टोकाची खाच दोरीवर बसते तिथे.

थेट दोरीवर लावताना चिमटा नॉकच्या लगेच खाली बसतो. म्हणजे तीर एका जागी आणि ओढ त्याच्या किंचित खाली. दोरी ताणली की नॉकवर खालून दाब येतो. ते वर सरकू नये म्हणून वर पितळी कडी दाबून बसवायची, नॉक आणि चिमटा यांच्यामध्ये रबराची छोटी गादी घालायची, असे उपाय आलेच. शिवाय धातूचा चिमटा रोज त्याच जागी घासतो, त्यामुळे दोरीवरचं सर्व्हिंग (दोरी झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळलेला धागा) तिथेच विरतं. मनगट जरा वळलं तरी दोरीला पीळ बसतो आणि पीप (दोरीत बसवलेलं, ज्यातून नेम धरतात ते भोक) डोळ्यासमोर तिरका होतो.

डी-लूपची एक गाठ नॉकच्या वर, एक खाली. ओढ नॉकच्या बरोबर मागून येते आणि धातू दोरीला शिवतच नाही. हिंज (ट्रिगरशिवाय, हातात फिरवून सुटणारं) किंवा अंगठ्याचं रिलीज वापरायचं असेल तर लूपच बांधा, त्यांचे हुक त्याच्यासाठीच असतात.

मग थेट दोरीवर कोण लावतं? लूप नसल्याने दोरी थोडी हलकी राहते, वेग किंचित वाढतो. अमेरिकेत मनगटी पट्ट्याचं रिलीज वापरणारे काही जुने शिकारी अजून तसंच करतात. आपल्याकडे शिकार कायद्यानेच बंद आहे, तेव्हा तो मुद्दा निकालात. आपला खेळ 50 मीटरवरचा आणि दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळेने 150 पैकी 150 गुण घेतले, म्हणजे पंधराही तीर दहाच्या आत. त्याच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. एवढ्या बारीक हिशेबात नॉकवरचा तिरका दाब परवडत नाही. म्हणून माझं मत लूपच्याच बाजूने, आणि तोही दोरीचा. धातूचा लूप मिळतो, पण तो जड असतो.

लूप बांधला की काम संपलं असं मात्र नाही. हात आता अर्धा इंच मागे जातो. कालपर्यंत हनुवटीशी बसणारी मूठ कानाकडे सरकते. ड्रॉ लेंग्थ (धनुष्याची दोरी जिथवर मागे येते ते अंतर) तेवढी कमी करून घ्या. लोक हे विसरतात आणि मग 'लूपने नेम बिघडला' म्हणतात.

बांधायला दोनेक मिलिमीटर जाडीची, साडेचार इंचांची लूपची दोरी लागते. साधी नायलॉनची सुतळी नको. टोकं लायटरने वितळवून मण्याएवढी गोळी होऊ द्यायची. एक गाठ डाव्या बाजूला उघडणारी, दुसरी उजव्या, म्हणजे लूप फिरत नाही. मग लूपमध्ये पक्कड घालून ती उघडत गाठी करकचून आवळायच्या. नॉक मध्ये अडकवून पाहा: केसाएवढी फट हवी, नॉक गाठींत चिमटलं जायला नको.

पहिल्यांदा बांधला तेव्हा माझी गोळी फारच छोटी झाली होती. ऐन ओढीत, वजन सर्वांत जास्त असताना, टोक गाठीतून सटकलं आणि माझीच मूठ माझ्या जबड्यावर बसली. तीर कुठे गेला ते दुपारी सापडलं. तेव्हापासून नवा लूप बांधला की आधी धनुष्य जमिनीकडे रोखून, तीर लावूनच, थोडं थोडं ओढून पाहतो.

लूपवर तंतू सुटलेले दिसले की नवा बांधा, पण जुना कापण्याआधी दोन्ही गाठींच्या जागा सर्व्हिंगवर पेनने खुणा करून ठेवा. नाहीतर नॉकची उंची हलते आणि साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.