पट्टा, पुली आणि उलटा फिरणारा पंखा

धुळ्यात आग्रा रोडवरच्या गॅरेजात जुनी अ‍ॅम्बॅसडर न्या आणि ‘एसी बसवायचाय, बेल्ट पीकेचा करून द्या’ म्हणा. पीके म्हणजे नव्या गाड्यांतला, पोटाला बारीक रेघा असलेला पातळ बेल्ट. मुरलेला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी लेथवाल्याला फोन लावेल. बेल्ट दुकानात पाच मिनिटांत मिळतो. घोडं अडतं पुल्यांपाशी. का अडतं, ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

खानदेशाला पट्टा काही मोटारीनं दाखवला नाही. कापसाच्या जुन्या जिनिंगमध्ये एका इंजिनावर सगळं चालायचं. छताजवळून लांबलचक शाफ्ट गेलेला, त्यावरून प्रत्येक यंत्रावर सपाट पट्टा उतरलेला, चामड्याचा नाहीतर कॅनव्हासचा. पट्टा घसरायला लागला की राळ लावायची. एखादं यंत्र उलटं फिरवायचं असेल, तर पट्टा मधोमध फुली पडेल असा चढवायचा. ही फुली ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

सपाट पट्ट्याची सगळी पकड ताणावर. जास्त ताणला की बेअरिंग खातो, सैल सोडला की घसरतो. यावर तोड निघाली १९१७ साली. अमेरिकेतल्या गेट्स रबर कंपनीच्या जॉन गेट्स यांनी रबरी व्ही-बेल्ट केला. तो पाचरीसारखा पुलीच्या खाचेत रुतून बसतो आणि खाचेच्या दोन्ही बाजू पकडतो, म्हणून कमी ताणात जास्त ओढतो. पिठाच्या गिरणीत तोच, थ्रेशरवर तोच. भुसावळच्या फलाटावरून वाकून पाहणाऱ्यांना डब्याखाली चाकाच्या आसावरून वीज करणारा अल्टरनेटर फिरवणारे व्ही-बेल्टही ओळीनं दिसायचे.

अ‍ॅम्बॅसडरला, फियाटला, जुन्या जीपला असा एकच ‘फॅन बेल्ट’. इंजिनाच्या क्रँकशाफ्टची पुली, वीज करणारा डायनामो आणि पंख्यासकट पाण्याचा पंप असा त्रिकोण. ताण द्यायचा तर खाचेच्या पट्टीवरचा बोल्ट सैल करून डायनामो पहारीनं बाहेर रेटायचा, अंगठ्यानं बेल्ट दाबून अर्धा इंच दबतोय का पाहायचं आणि बोल्ट आवळायचा. मेमध्ये जळगावचा पारा ४५ च्या पुढं गेलेला असताना कन्नडचा घाट चढताना हा बेल्ट तुटला, की त्या दिवशीचं संभाजीनगर राहिलं. मग घाटात गाडी बाजूला घ्या आणि नायलॉनची दोरी शोधा.

एवढ्या कामाला तो बेल्ट पुरत होता. ल्युकासच्या सी-४० डायनामोची मजल २२ अँपियर. पुढं अल्टरनेटर आले, एसी आला, पॉवर स्टिअरिंग आलं. अमेरिकी गाड्यांमध्ये तर १९७० च्या दशकात इंजिनापुढं बेल्टांची रांगच लागली. मागचा बदलायचा तर पुढचे सगळे काढा. व्ही-बेल्टची मूळ खोड त्याच्या जाडीत आहे. ए सेक्शनचा, म्हणजे ए मापाचा, बेल्ट १३ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड. तो लहान पुलीवर वळताना तापतो आणि उलटा तर वाकतच नाही. गेट्सचेच अभियंते जिम व्हान्स यांनी मग एकच लांब, पातळ बेल्ट सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरवायची मांडणी केली. ती १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये बसली. पाठीनं सपाट, पोटाला बारीक व्हींच्या रेघा: म्हणजे जिनिंगचा पट्टा आणि गिरणीचा बेल्ट एकात. ताण द्यायला स्प्रिंगचा टेन्शनर, पहारीची सुट्टी.

बेल्टवर ‘६पीके१०७०’ लिहिलेलं असतं. सहा रिबा, म्हणजे पोटावरच्या त्या रेघा, आणि लांबी १०७० मिलिमीटर. दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. भंगारातून नव्या गाडीचा अल्टरनेटर आणला तर त्यावर पीके पुली आयतीच मिळते. क्रँकची मात्र घडवावी लागते. लेथवाला ४० अंशांचं टूल घासतो आणि एकेक खाच पाडतो. प्रत्येक खाचेला केसभर चुकला, तरी सहाव्या रिबेपर्यंत ती चूक साठत जाते आणि बेल्ट एका बाजूनं झिजून किंचाळायला लागतो. सगळ्या पुल्या एका रेषेत बसवणं हे वेगळंच दुखणं.

आता ती फुली. या बेल्टच्या पाठीनंही पुली फिरते, पण उलटी. जळगावात एका जीपचं काम झालं तेव्हा मी तिथं होतो. जागा पुरेना म्हणून पंपाची पुली सपाट करून बेल्टच्या पाठीवर घेतली होती. गाडी सुरू झाली, बेल्टचा आवाज नाही, सगळे खूश. पंधरा मिनिटांत काटा लालात. मिस्त्रीनं रेडिएटरच्या जाळीवर पुढून वर्तमानपत्राचा तुकडा धरला. एरवी तो चिकटून बसतो. तो उडाला. ‘पंखा उलटा फिरी ऱ्हायना भो!’ म्हणजे उलटा फिरतोय. अमेरिकेत यासाठी उलट फिरणारे पंप तयार मिळतात. आपल्याकडं जुन्या जीपला तो कुठून आणणार? पंख्याबरोबर पंपाची पातीही उलटी फिरतात, म्हणून नुसता विजेचा पंखा लावूनही भागत नाही. दुसऱ्या दिवशी आयडलर, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली, हलवून पंप पुन्हा रिबांच्या बाजूला घेतला.

मला विचाराल तर इतका खटाटोप प्रत्येक गाडीला नको. पंखा, पंप आणि अल्टरनेटर जुन्या बेल्टवर राहू द्यावेत, क्रँकवर जोडपुली करावी आणि एसी तेवढा पीकेवर टाकावा. सगळं एकाच बेल्टवर टाकलं आणि तो तुटला, तर चार्जिंग आणि पाणी एकदमच थांबतं. जुना निओप्रीन रबराचा बेल्ट निदान चिरा पडून आधी सांगायचा. आताच्या ईपीडीएम रबराच्या बेल्टला सहसा चिरा पडत नाहीत, तो टायरसारखा हळूहळू झिजत जातो. ते कळायला रिबांमध्ये गेज घालून पाहावं लागतं, आणि तो गेज अजून फारशा गॅरेजांत दिसत नाही. डिकीत एक जादा बेल्ट आणि तेरा-चौदाचा पाना टाकूनच घाटाला लागावं.