वेगमापक कॅमेरे : छुपे व फलकदर्शित

रस्त्यावरील वाहनाचा वेग आपोआप मोजून मर्यादा ओलांडणाऱ्याचे छायाचित्र घेणारे यंत्र चालकाला आधी दिसावे, की दृष्टीआड असावे, यासंबंधीचा धोरणविषयक वाद. चर्चेत ‘छुपा’ व ‘फलकदर्शित’ असे दोनच पक्ष मानले जातात. प्रत्यक्षात प्रश्न तीन आहेत. यंत्र दिसते का, त्याच्या अलीकडे सूचनाफलक आहे का आणि त्याचे ठिकाण जाहीर केलेले आहे का? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. वादातील बराच गोंधळ हा भेद न पाळल्यामुळे होतो.

लपण्याचा प्रश्न कॅमेऱ्याहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये पोलीस शिपाई कुंपणाआड थांबून मोजलेल्या अंतरावर घड्याळ लावून मोटारी पकडत. त्यांची खबर चालकांना देणे हे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारचालकांच्या संघटनेचे सुरुवातीचे एक मुख्य काम होते. १९१० च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ खटल्यात अशी खबर देणे हा पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा ठरला. त्यावर संघटनेने पळवाट काढली : गस्तीच्या माणसाने सभासदाच्या मोटारीला सलाम केला नाही, तर पुढे काहीतरी आहे असे समजावे. सलाम न करणे हा गुन्हा ठरवणे न्यायालयालाही अवघड होते.

यंत्राच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः हा मान डच रॅलीचालक मॉरिस गॅट्सोनिडेस (१९११–९८) यांना दिला जातो. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या गॅट्सोनिडेस यांना वळणावर आपला स्वतःचा वेग किती राहतो हे मोजायचे होते. १९५८ मध्ये त्यांनी कंपनी काढली. त्यांच्या सुरुवातीच्या उपकरणात रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या असत. पहिलीवर चाक पडताच घड्याळ सुरू होई, दुसरीवर पडताच थांबे. या कंपनीचे रडार साधारणपणे १९७१ च्या सुमाराचे मानतात. मात्र अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात जॉन बार्कर यांनी वाहतुकीसाठी रडार वापरण्याचे प्रयोग १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच केले होते आणि पश्चिम जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीचे वाहतूक रडार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. तेव्हा गॅट्सोनिडेस यांना ‘संशोधक’ म्हणण्यापेक्षा यंत्राचा प्रसारक म्हणणे अधिक रास्त दिसते.

तांत्रिक बाजू वादाशी थेट निगडित आहे. रडार डॉप्लर परिणामावर चालते, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते. २४.१२५ गिगाहर्ट्झची लहर ताशी १०० किमी. वेगाने समोरून येणाऱ्या वाहनावरून परतताना तिच्या वारंवारतेत सुमारे ४,४७० हर्ट्झचा फरक पडतो. ही लहर चालकाने गाडीत ठेवलेल्या रडार-शोधकयंत्राला दुरूनच कळते, म्हणून झुडपाआडचे रडार डोळ्यांना छुपे असले तरी शोधकयंत्र बाळगणाऱ्यास छुपे नसते. रस्त्यात पुरलेल्या तारवेटोळ्यांवर किंवा दाबपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांना ही अडचण नाही. गॅट्सोनिडेस यांच्या कंपनीचा गॅट्सो कॅमेरा वाहनाची मागून, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतो. तेवढ्या वेळात ताशी १०० किमी. वेगाचे वाहन सुमारे १४ मी. पुढे जाते. हे अंतर ताडून पाहण्यासाठी रस्त्यावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. पेटी कितीही झाकली, तरी या रेघा सराईत चालकाला सारे सांगून जातात.

फलकाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा, की अपघातप्रवण जागी वेग कमी व्हावा हाच हेतू असेल, तर चालकाला आधी कळणे इष्टच आहे. दंड न होणे हे यश होय. विरोधी पक्ष म्हणतो, की चालक कॅमेऱ्याजवळ ब्रेक लावतात आणि पुढे जाताच वेग वाढवतात (याला कांगारू-उडी म्हणतात), त्यामुळे बाकीचा रस्ता तसाच राहतो. पहिला पक्ष स्थानिक परिणाम मोजतो, दुसरा संपूर्ण जाळ्यावरचा. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत.

थेट तुलना करणारा सर्वाधिक उद्धृत केलेला पुरावा न्यूझीलंडचा आहे. तेथे १९९७ च्या मध्यापासून पोलिसांच्या एका विभागात ताशी १०० किमी. मर्यादेच्या रस्त्यांवर छुपे कॅमेरे वापरून इतर विभागांतील ठळक कॅमेऱ्यांशी तुलना केली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्या मर्यादेच्या सर्व रस्त्यांवर सरासरी वेग ताशी १.३ किमी., अपघात ११ टक्के आणि जखमी व मृतांची संख्या १९ टक्क्यांनी घटली. मात्र हे कॅमेरे फलक लावलेल्या निर्धारित क्षेत्रांपुरतेच मर्यादित होते. फलक होताच, फक्त यंत्र दिसत नव्हते. शिवाय दंडाच्या नोटिसांची संख्याही वाढली होती. त्यामुळे हा प्रयोग ‘फलक नसावा’ याचा पुरावा म्हणून पुढे करणे बरोबर नाही. ब्रिटनमधील दृश्य कॅमेऱ्यांच्या चार वर्षांच्या पाहणीत (२००५) कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत्यू व गंभीर जखमींमध्ये ४२ टक्के घट नोंदली गेली. पण अपघात जास्त झालेल्या जागाच निवडल्या असल्याने आकडे पुढे कॅमेऱ्याविनाही सरासरीकडे आपसूक परततात, ही संख्याशास्त्रीय हरकत त्यातील काही भागाला निश्चित लागू पडते.

फलकांचे नियम मात्र अपघातांच्या आकड्यांवरून क्वचितच ठरले आहेत. ते जनतेच्या संशयावरून ठरले. ब्रिटनमध्ये १९९२ पासून लागलेल्या पेट्या करड्या होत्या. २००० पासून दंडातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवण्याची मुभा मिळाली, तशी महसुलासाठी सापळे लावल्याची ओरड झाली आणि २००१ च्या अखेरीस पेट्या पिवळ्या रंगवण्याचे ठरले. ताशी ४० मैलांपर्यंतच्या रस्त्यावर यंत्र ६० मी.वरून, त्याहून वेगवान रस्त्यावर १०० मी.वरून दिसावे असे मार्गदर्शन आहे. ते पाळले नाही म्हणून आरोपी सुटत नाही. फ्रान्सने २०११ मध्ये फलक काढण्याचे जाहीर केले व विरोधानंतर पाऊल मागे घेतले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्य फिरते कॅमेरे खूण नसलेल्या गाड्यांतून चालवते, तर शेजारच्या न्यू साउथ वेल्सने २०२० च्या अखेरीस फिरत्या कॅमेऱ्यांचे फलक हटवण्याचा निर्णय घेतला आणि २०२३ मध्ये ते परत लावले. स्वीडन प्रत्येक स्थिर कॅमेऱ्याआधी फलक लावते, पण सर्व कॅमेरे सदासर्वकाळ चालू ठेवत नाही. जर्मनीत चालकाने गाडीत इशारायंत्र वापरणे निषिद्ध आहे; रेडिओवरून मात्र ठिकाणे सर्रास सांगितली जातात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ (२०२१) इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या टापूआधी ठळक इशारा फलक लावण्यास सांगतो.

स्थिर कॅमेरा धोक्याच्या जागी व फलकासह, तर फिरता कॅमेरा अनपेक्षित ठिकाणी, अशी विभागणी करण्याकडे अलीकडील अभ्यासकांचा कल आहे आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेत हा वाद बराचसा गळून पडतो. ब्रिटनमध्ये ती १९९९ च्या सुमारास, तर इटलीत ‘ट्यूटर’ नावाने २००५ मध्ये आली. तिच्यात फलक उघडपणे लावला तरी एका जागी ब्रेक दाबून भागत नाही, कारण मोजमाप संपूर्ण टप्प्याचे असते.