समस्याधारित अध्ययनात शिक्षकाला काम नसतं?

समस्याधारित अध्ययन म्हणजे आधी एखादी समस्या घेऊन ती सोडवता सोडवता विषय शिकणं. पण पदवीच्या वर्गात याचा अर्थ मुलांना प्रश्न देऊन मोकळं सोडायचं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण या पद्धतीने सुरू केलं, तेव्हाही छोट्या गटासोबत मार्गदर्शक होताच.

समजा, धाप लागलेल्या रुग्णाची केस आहे. कुणीतरी लगेच म्हणतं, 'दमा!' मार्गदर्शक उत्तर सांगत नाही, विचारतो, 'कशावरून? हृदयविकारात धाप लागत नाही का?' मग काय माहीत आहे, काय शोधायचं, हे फळ्यावर येतं आणि पुढच्या बैठकीला सगळे वाचून येतात. असा प्रश्न नेमक्या वेळी विचारणं माझ्या मते व्याख्यानापेक्षा अवघड. पहिल्या वर्षाला हा आधार जास्त लागतो. पुढे तो कमी करत न्यायचा.