दोन पेडलच्या दोन गाड्या, आणि त्यातली एकच ऑटोमॅटिक

माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. "काका, दोन जुन्या बीएमडब्ल्यू बघून ठेवल्यात. दोन्ही ऑटोमॅटिक आहेत, म्हणून मॅन्युअलपेक्षा स्वस्त मिळतायत. कुठलीही एक घेतो आणि मॅन्युअल करून टाकतो. काम दोन्हीला सारखंच पडेल ना?"

दोन्ही गाड्या बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजमधल्या, कंपनी जिला ई-४६ म्हणते त्या पिढीतल्या, दोन दारांच्या. एक ३३० सीआय, दुसरी एम-३. दोन्हींत पायाखाली दोनच पेडल, दोन्हींच्या गिअर लिव्हरपाशी प्लस आणि मायनसच्या खुणा. मी त्याला म्हटलं, "अरे, आधी दोन्ही लिव्हरचे जवळून फोटो काढून पाठव." फोटो आले. ३३० च्या लिव्हरवर पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) अशी ओळ होती. एम-३ च्या लिव्हरवर आर होता, शून्य होता, प्लस-मायनस होतं, पण पी कुठेच नव्हता.

तो नसलेला पी फार महत्त्वाचा आहे. क्लचचं पेडल नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिक, असं आपण सरसकट धरून चालतो. रोज चालवताना त्याने काही बिघडत नाही. पण गाडी मॅन्युअल करायला निघालात, की हा गैरसमज खिशाला चांगलाच कापतो.

३३० सीआय खरोखर ऑटोमॅटिक आहे. तिच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लच प्लेट नाहीच, टॉर्क कन्व्हर्टर आहे. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर दोन पात्यांची चाकं. एक इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल दुसऱ्यावर फेकतं, त्या जोरावर दुसरं फिरतं. म्हणूनच ब्रेकवरून पाय काढला की अशी गाडी आपोआप पुढे सरकायला लागते. मागचा गिअरबॉक्सही वेगळ्या जातीचा. त्यात प्लॅनेटरी गिअर, तेलाच्या दाबावर पकडणारे क्लचचे संच, आणि कुठल्या संचाला कधी दाब द्यायचा हे ठरवणारा व्हॉल्व्ह बॉडी. प्लस-मायनसने तुम्ही फक्त विनंती करता, अंमलबजावणी हेच तेल करतं.

एम-३ मधला एसएमजी (सीक्वेन्शियल मॅन्युअल गिअरबॉक्स) म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. तीन पेडलच्या एम-३ ला जो गेट्राग या कंपनीचा सहा गिअरचा डबा येतो, तोच. तशीच कोरडी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, ज्यावर ती दाबली जाते. फरक इतकाच, की डाव्या पायाचं आणि उजव्या हाताचं काम एका हायड्रॉलिक यंत्रणेकडे सोपवलंय. विजेचा पंप तेलाला दाब देतो, तो दाब एका साठवण-नळकांड्यात राहतो, कॉम्प्युटर झडपा उघडतो, क्लच सुटतो, गिअर बदलतो, क्लच पुन्हा बसतो. सर्वांत तिखट सेटिंगला गिअर ८० मिलिसेकंदांत बदलतो, असा कंपनीचा दावा होता. गाडी उभी करताना लावायला पी नाही, कारण मॅन्युअल गिअरबॉक्सला पी नसतोच. गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा, आपण घाटात करतो तसं.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) घेऊन आली तेव्हापासून हेच तत्त्व आपल्या गल्लीबोळांत फिरतंय. एएमटीत गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते ना? तो क्लच सुटल्याचा आणि बसल्याचा क्षण. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत असा झटका बसत नाही. एसएमजी म्हणजे त्याच घराण्यातला फार चपळ आणि फार महागडा भाऊ.

आता मॅन्युअल करायचं म्हणजे काय, ते बघू. ३३० पासून सुरुवात करतो, कारण खरं काम तिथे आहे.

गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर उतरवला की क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फ्लेक्सप्लेट दिसते. ताटाएवढी पत्र्याची चकती, कडेला स्टार्टरसाठी दाते, आणि इतकी पातळ की फ्लायव्हील पाहायची सवय असलेल्या माणसाला वाटावं, हिच्यावर एवढं इंजिन चालतं? चालतं, कारण तिला फक्त कन्व्हर्टर धरून ठेवायचा असतो. क्लच प्लेट घासायला तिच्यावर जागाच नाही. म्हणून ती जाते आणि फ्लायव्हील येतं. बोल्टही नवेच लागतात, कारण फ्लायव्हीलचे बोल्ट लांब असतात. जुने पातळ चकतीच्या मापाचे.

आणि फ्लायव्हील चढवण्याआधी क्रँकच्या टोकातल्या भोकात पायलट बेअरिंग ठोकायचं. मुठीत लपेल एवढी वस्तू. ऑटोमॅटिक गाडीत ते नसतं, कारण त्याची गरजच नसते. मॅन्युअल गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मात्र पुढच्या टोकाला त्याच्यातच टेकतो. ते विसरलं तर शाफ्ट डळमळतो, क्लच नीट सुटत नाही, गिअर टाकताना खरखर येते, आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करणाऱ्या कुणालाही मी एकच गोष्ट हातावर लिहून घ्यायला सांगेन, ती म्हणजे हे बेअरिंग.

मग मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याचा आधाराचा आडवा पाट, आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट. दोन्ही गिअरबॉक्सची लांबी सारखी नाही, त्यामुळे जुना शाफ्ट चालत नाही. रेडिएटरकडे गेलेल्या गिअर ऑइलच्या नळ्या आणि कूलर काढायचे. आत पेडलचा संच बदलायचा. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं, ते ठेवून शेजारी क्लच घुसवला तर एक दिवस घाईत पाय चुकीच्या जागी पडणार. पेडलचा जोर तेलातून क्लचपर्यंत नेणारा मास्टर सिलिंडर, खाली स्लेव्ह सिलिंडर, मधली नळी. तेल ब्रेकच्याच डबीतून घ्यायचं.

इथपर्यंत पान्यांचं काम. वायरिंग त्याहून चिवट. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एनमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. ती खूण देणारा स्विच गिअरबॉक्सबरोबर निघून जातो. काही जण तिथे दोन वायरी सरळ जोडून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारते, आणि पुढे कोण उभं असेल ते सांगता येत नाही. क्लच पेडलचा स्विच बसवून तिथूनच ती खूण द्यावी. रिव्हर्सच्या दिव्याची वायरही नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला न्यावी लागते. लिव्हरपासून चावीच्या कुलपापर्यंत एक केबल असते, पीमध्ये नसताना चावी निघू नये म्हणून. ती नीट सोडवली नाही तर चावी कायमची अडकते. शेवटी इंजिनाचा कॉम्प्युटर. तो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो, आणि पलीकडून उत्तर आलं नाही की डॅशबोर्डवर दिवा लावतो. त्याला आता आपण मॅन्युअल गाडीत आहोत, हे कोडिंग करून सांगावं लागतं.

डिफरन्शियलकडे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीकडे, बहुतेकांचं लक्ष जात नाही. पाच गिअरच्या मॅन्युअल ३३० मध्ये पाचवा गिअर सरळ, म्हणजे १.०० आहे: इंजिनाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचाही एकच फेरा. ऑटोमॅटिकचा पाचवा ०.७५ च्या आसपास, म्हणून तिला मागे आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याचं, डिफरन्शियल दिलंय: मॅन्युअलला २.९३, ऑटोमॅटिकला ३.३८. गिअरबॉक्स बदलला आणि डिफरन्शियल तसंच ठेवलं तर पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेईल. कारखान्यातून मॅन्युअल आलेली गाडी त्याच वेगाला २५०० च्या जवळपास असते. शहरात गाडी जोमदार वाटेल, पण ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर, चार तास तो आवाज कानात राहील. २००३ नंतरचा सहा गिअरचा डबा घातला तर हे बरंच सावरतं.

एम-३ ची यादी याच्यापुढे छोटी आहे. फ्लायव्हील आहे. क्लच आहे. पायलट बेअरिंग जागेवर आहे. प्रॉपेलर शाफ्ट तोच, डिफरन्शियलही तेच, ३.६२. पेडलचा संच, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, लिव्हर आणि त्याची सळई, क्लच आणि रिव्हर्सचे स्विच, मग कोडिंग. हायड्रॉलिक पंप, साठवण-नळकांडं आणि झडपांचा गठ्ठा उतरतो. काही जण तोच गिअरबॉक्स ठेवून त्यात हाताच्या लिव्हरसाठी बदल करून घेतात, काही सरळ मॅन्युअलचा डबा आणून चढवतात. ३३० मध्ये जे अवयव-रोपण आहे, ते इथे गाडीत नंतर भरलेली एक यंत्रणा काढून घेणं आहे.

लोक हे करतात त्यामागे हौस आहेच. ३२४६ सीसीचं, ३४३ हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन हाताने गिअर बदलत चालवावं असं कुणालाही वाटेल. पण वयाचाही भाग आहे. या गाड्या २००६ पर्यंत बनल्या. पंप, सेन्सर, रिले यांचं आता वय झालंय, आणि यंत्रणेतला दाब गेला की गिअरच पडत नाही, गाडी जिथल्या तिथे. क्लचच्या पेडलला असा पंप लागत नाही.

हीच जोडी इतर स्पोर्ट्स कारमध्येही सापडते, आणि तिथेही नावं फसवतात. पोर्शच्या ९११ ला १९९० च्या सुमारास टिपट्रॉनिक आला. हाताने गिअर बदलता येतात म्हणून तो मॅन्युअलच्या जवळचा वाटतो, पण आत टॉर्क कन्व्हर्टर आहे. उलट फेरारीने १९९७ मध्ये ३५५ ला दिलेला एफ-१ गिअरबॉक्स स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांमुळे भलताच आधुनिक वाटतो, पण आत साधा क्लच आणि मॅन्युअलचे दाते. म्हणूनच ३६० आणि एफ-४३० या फेरारींना जुन्या पद्धतीची खाचांची पट्टी आणि लिव्हर बसवून देणारे कारागीर आज आहेत.

पुतण्याला मी माझं मत स्पष्ट सांगितलं. ३३० मॅन्युअलच हवी असेल तर कारखान्यातून मॅन्युअल आलेली शोध. तशा भरपूर बनल्या. ऑटोमॅटिक घेऊन बदलायची ती तेव्हाच, जेव्हा तिच्या सांगाड्याला कुठेही गंज नाही, किंवा ती घरातली गाडी आहे आणि सोडवत नाही. पार्ट घ्यायचे तर सुटे गोळा करू नकोस, अपघातात गेलेली एक मॅन्युअल गाडी पूर्ण घे. नाहीतर एका ब्रॅकेटसाठी दोन आठवडे गाडी जॅकवर राहते. एम-३ बदलण्यात मात्र मला काही गैर वाटत नाही, फक्त काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवायचा. २००३ ची सीएसएल, म्हणजे एम-३ ची वजन कमी केलेली खास आवृत्ती, असती तर मी हात लावू दिला नसता. ती फक्त एसएमजीतच बनली, तिची ओळखच ती आहे.

कागदांचंही सांगितलं. जर्मनीत असा बदल तपासणी संस्थेकडून मंजूर करून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो, ते काम सुरू करण्याआधी विचारून ठेव म्हटलं. आपल्याकडे तर गाडीतल्या बदलांवर बंधनं घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा आधार घेतलाय, त्यामुळे इथे कुणी उत्साहात पाना उचलण्याआधी आरटीओत जाऊन यावं.

शनिवारी तो एम-३ बघायला गेला. मी त्याला सांगून ठेवलं होतं, गाडी सुरू करायला सांगू नकोस. आधी चालकाचं दार उघड आणि गप्प उभा राहा. त्याने फोन स्पीकरवर ठेवून आत धरला. दाराचा खटका वाजला, मग बॉनेटच्या बाजूने बारीक घूंऽऽ असा आवाज आला, चार-पाच सेकंद चालला आणि थांबला. दार उघडताच पंप दाब भरून घेतो, तो हा आवाज.

"ऐकलंत काका?"

"ऐकलं. पंप अजून जिवंत आहे. आता खाली वाक आणि गिअरबॉक्सच्या आजूबाजूला तेल गळतंय का ते बघ."